खांदा

मनिलात टॅक्सीवाल्याला ‘कुया’ म्हणायचं असतं. कुया म्हणजे थोरला भाऊ, आपला दादा. दुकानातल्या बाईला ‘आते’ म्हणायचं, म्हणजे ताई. वाक्याच्या शेवटी ‘पो’ लावला की अहो-जाहो झालं. हे तीन शब्द पहिल्याच दिवशी शिकले आणि परकं शहर निम्मं ओळखीचं झालं. जानेवारीचा पहिला आठवडा होता. नाताळ होऊन गेला तरी घराघरांवर पारोल लटकत होते. पारोल म्हणजे चांदणीच्या आकाराचा कंदील. आपल्याकडे दिवाळी सरली तरी तुळशीच्या लग्नापर्यंत आकाशकंदील उतरवत नाहीत, तसंच काहीसं.

“कुठं जायचं, मॅडम?” कुयांनी विचारलं.

“लिबिंगान नांग मांगा बायानी.”

“कुणी नात्यातलं आहे का तिथं?”

“नाही. मला मार्कोस यांची कबर बघायची आहे.”

त्यांनी आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गप्प झाले. एड्सा रस्त्यावर वाहनांच्या रांगेत गाडी अडकली, तेव्हा कुठं ते बोलले. “माझे वडील मार्कोसना देवाच्या जागी मानायचे. सासऱ्यांच्या घरी त्यांचं नाव काढलेलं चालत नाही. सासऱ्यांच्या धाकट्या भावाला शिपाई घरातून घेऊन गेले, तो परत आलाच नाही. मी दोन्ही घरी जेवतो.”

पुढचे दहा दिवस मी त्या देशात जिथं जिथं गेले, तिथं हे शेवटचं वाक्य माझ्या सोबत होतं.

फिलिपिन्सच्या एका राष्ट्राध्यक्षाचं नाव मराठी घरांत फार पूर्वीच पोचलं आहे, फक्त ते एका माणसाचं नाव आहे हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. मॅगसेसे. १९५८ साली विनोबा, १९५९ साली चिंतामणराव देशमुख, १९७९ साली जामखेडचे डॉ. आरोळे पतिपत्नी, १९८२ साली उरुळीकांचनचे मणिभाई देसाई, १९८५ साली बाबा आमटे, २००८ साली प्रकाश आणि मंदाकिनी आमटे. सामान्यज्ञानाच्या तासाला ही नावं आम्ही घोकली. रामोन मॅगसेसे हे फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष होते आणि १७ मार्च १९५७ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, सेबू बेटावरच्या डोंगरात विमान कोसळून गेले, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आणि बाबांना हा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा मनिलाच्या मालाकान्यांग राजवाड्यात फर्डिनांड मार्कोस राहत होते, हे तर अगदी अलीकडे ध्यानात आलं. एकाच देशाचे दोन राष्ट्राध्यक्ष. एकाचं नाव मानाचा शब्द होऊन आनंदवनापर्यंत आलं. दुसऱ्याचा देह कुठं पुरायचा, हे त्या देशाला २७ वर्षं ठरवता आलं नाही. हा फरक कशानं पडतो, ते जागेवर जाऊन बघावं म्हणून मी निघाले होते.

मार्कोस १९६५ मध्ये निवडून आले, १९६९ मध्ये पुन्हा निवडून आले. तिसऱ्यांदा उभं राहायला राज्यघटनेची मनाई होती. सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी लष्करी कायदा पुकारला. काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, बंद झाली, वृत्तपत्रांना कुलपं लागली, विरोधक तुरुंगात गेले. कागदोपत्री तो कायदा १९८१ मध्ये उठला, पण सत्ता हलली नाही. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या आकडेवारीतून पुढं आलेला हिशेब असा: सुमारे ७० हजार माणसं कोठडीत, ३४ हजारांचा छळ, ३ हजारांहून जास्त मृत्यू. फेब्रुवारी १९८६ मध्ये याच एड्सा रस्त्यावर लाखो लोक चार दिवस बसून राहिले, जोगिणी हातात जपमाळा घेऊन रणगाड्यांपुढं उभ्या राहिल्या, आणि मार्कोस कुटुंब अमेरिकी विमानातून हवाईला गेलं. १९८९ मध्ये होनोलुलूत मार्कोस वारले. १९९३ मध्ये त्यांचा देह मायदेशी आणायला परवानगी मिळाली. इलोकोस नोर्ते प्रांतात, बाताक गावी, थंड केलेल्या खोलीत काचेच्या पेटीत तो २३ वर्षं ठेवलेला होता. कुटुंबाचं म्हणणं एकच होतं: पुरू तर लिबिंगानमध्ये पुरू.

‘लिबिंगान’ म्हणजे दफनभूमी आणि ‘बायानी’ म्हणजे वीर. या दुसऱ्या शब्दाशी माझी ओळख हॉटेलात झाली होती. माझ्या खोलीबाहेरच्या भिंतीवर एक चित्र होतं. पंधरा-वीस माणसं नारळीच्या झाडांमधून एक अख्खं घर खांद्यावर घेऊन निघालेली. झावळ्यांनी शाकारलेलं छप्पर, कुडाच्या भिंती, खाली आडवे-उभे वेळू बांधलेले आणि प्रत्येक वेळूखाली एक खांदा. पुढं एक पोरगा वाट दाखवत पळतोय, मागून बायका जेवणाची भांडी घेऊन येताहेत. सकाळी पाणी द्यायला आलेल्या मुलीला मी विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, “बायानिहान, पो. शेजाऱ्याला घर हलवायचं असलं की सगळा गाव खांदा देतो. पैसे घेत नाहीत. घरवाल्यानं जेवू घालायचं, बस.” बायानी आणि बायानिहान एकाच घरातले शब्द आहेत. ज्या भाषेत वीराचं नातं तलवारीपेक्षा खांद्याशी जास्त जवळचं आहे, तिथं वीरांच्या भूमीत कुणाला जागा द्यायची हा प्रश्न मुळातच वेगळा होतो, हे त्या चित्रासमोर मला पहिल्यांदा जाणवलं.

लिबिंगान तागिगमध्ये आहे, फोर्ट बोनिफासिओच्या लष्करी हद्दीत. १४२ हेक्टरांची जागा. १९४७ मध्ये महायुद्धात पडलेल्या सैनिकांसाठी ती राखली, तेव्हा तिचं नाव नुसतं ‘रिपब्लिक मेमोरियल सिमेटरी’ असं होतं. तिला ‘वीरांची दफनभूमी’ हे नाव १९५४ मध्ये मिळालं, आणि ते देणारे राष्ट्राध्यक्ष होते रामोन मॅगसेसे.

फाटकावर नोंद करून आत गेले आणि पाय आपोआप सावकाश पडू लागले. कापलेलं गवत, त्यावर पांढऱ्या क्रुसांच्या रांगा, कुठूनही पाहिलं तरी तिरप्या रेषेत जुळणाऱ्या. प्रत्येक क्रुसावर हुद्दा, नाव, तारीख. एका रांगेतली वयं मी मोजत गेले. एकोणीस, बावीस, वीस, चोवीस. एका क्रुसापाशी कुणीतरी भाताचा डबा ठेवून गेलं होतं, झाकणावर चमचा आडवा ठेवलेला. घरातल्यासाठी वाढून ठेवावं तसा. अनाम सैनिकाच्या समाधीपाशी एक शिपाई उन्हात ताठ उभा होता. त्याच्या कानामागून उतरणारा घाम मला दिसत होता, त्यानं तो पुसला नाही.

राष्ट्राध्यक्षांच्या कबरी एका बाजूला आहेत. कार्लोस गार्सिया, दियोस्दादो माकापागाल, एल्पिदिओ किरिनो. २०२२ मध्ये फिदेल रामोस आले. रामोस १९७२ मध्ये लष्करी कायदा राबवणाऱ्या कॉन्स्टॅब्युलरी या सशस्त्र पोलीस दलाचे प्रमुख होते, आणि १९८६ मध्ये मार्कोसची साथ सोडून लोकांच्या बाजूला जाऊन उभे राहणारेही तेच. माणसाच्या आयुष्यात वळण येऊ शकतं, हे त्या कबरीपाशी उभं राहून मान्य करावंच लागतं.

मार्कोस यांच्या कबरीवर ताजी फुलं होती. एक कुटुंब तिथं फोटो काढत होतं. आजोबांनी नातवाला पुढं केलं, नातवानं दोन बोटं वर करून ‘विजया’ची खूण केली. मार्कोस यांचे समर्थक हीच खूण करतात. मी थोडी दूर, एका झाडाच्या सावलीत थांबले. त्या कुटुंबाबद्दल माझ्या मनात राग नव्हता. पण जेवणाचा डबा ठेवलेला तो क्रूस मघापासून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

मार्कोस इथं कसे आले, ती हकिगत सांगायला हवी. रोद्रिगो दुतेर्ते यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तसं वचन दिलं होतं. निवडून आल्यावर ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी हुकूम काढला. देशाच्या जखमा यानं भरून येतील, असं त्यांचं म्हणणं. पीडित आणि त्यांचे नातलग सर्वोच्च न्यायालयात गेले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी न्यायालयानं ९ विरुद्ध ५ मतांनी दफनाला मोकळीक दिली. बहुमताची मांडणी अशी होती: मार्कोस राष्ट्राध्यक्ष होते, सैनिक होते, शौर्यपदकधारक होते. लष्कराच्या नियमाप्रमाणे ज्यांना बेअब्रूनं सेवेतून काढलं किंवा नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात अंतिम शिक्षा झाली, तेवढेच अपात्र. मार्कोस यांना तशी शिक्षा झालेली नाही. आणि या भूमीचं नाव ‘वीरांची’ असलं, तरी इथं पुरल्यानं कुणी वीर ठरत नाही.

हा निकाल मी दोनदा वाचला आहे, आणि मला त्यातला शेवटचा मुद्दाच सगळ्यात जास्त लागला. कायद्याच्या पुस्तकात ते बरोबर असेल. पण नाव हे नाव असतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला युद्धावर धाडताना तुम्ही त्याच्या आईला सांगता, हा पडला तर वीरांच्या भूमीत जाईल. मग राष्ट्राध्यक्षाच्या वेळी ‘नावात काही नसतं’ असं कसं म्हणायचं?

शिक्षा का झाली नाही, तेही बघितलं पाहिजे. ज्या माणसाच्या हातात वीस वर्षं पोलीस, लष्कर आणि न्यायाधीशांच्या नेमणुका होत्या, आणि ज्याचा शेवट परदेशात झाला, त्याला अंतिम शिक्षा होणार कधी? याच सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००३ मध्ये स्विस बँकांतले मार्कोस कुटुंबाचे सुमारे ६५ कोटी ८० लाख डॉलर सरकारजमा केले होते. पतिपत्नींचं वीस वर्षांचं एकूण कायदेशीर उत्पन्न त्याच निकालात नोंदलं आहे: सुमारे ३ लाख ४ हजार डॉलर. २०१३ मध्ये काँग्रेसनं कायदा करून लष्करी कायद्याच्या काळात पीडित होते हे मान्य केलं आणि स्विस पैशांतूनच १० अब्ज पेसो त्यांच्यासाठी ठेवले. ११,१०३ माणसांची पीडित म्हणून नोंद झाली. आणि जुलै २०१६ मध्ये देशाच्या राष्ट्रीय इतिहास आयोगानं जुनी लष्करी कागदपत्रं तपासून सांगितलं, की मार्कोस यांनी मिरवलेल्या अमेरिकी पदकांना आणि त्यांच्या गनिमी पथकाच्या दाव्यांना आधार मिळत नाही. म्हणजे एकाच राज्यानं आपल्या एका हातानं लिहिलं, हा पैसा चोरीचा आहे. दुसऱ्या हातानं लिहिलं, ही माणसं छळलेली आहेत. आणि तिसऱ्यांदा बंदुकांच्या २१ फैरी झाडल्या.

तोही दिवस काही धड नव्हता. १८ नोव्हेंबर २०१६, शुक्रवार. फेरविचाराच्या अर्जाची मुदत संपायची होती. आधी कुणाला वर्दी नाही. इलोकोसहून देह हेलिकॉप्टरनं आणला आणि भरदुपारी पुरला. बातमी पसरली तशी विद्यापीठांतली पोरं वर्ग सोडून रस्त्यावर आली. ज्यांचा जन्मच मार्कोस गेल्यानंतर झाला, ती पोरं. सन्मान दिवसाउजेडी, लोकांना बोलावून करायची गोष्ट आहे. जो मान लपूनछपून उरकावा लागतो, त्यात देणाऱ्याच्याच मनात कुठंतरी खोट असते.

दुसरी बाजू ऐकल्याशिवाय परतायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून रात्रीची बस धरून इलोकोस नोर्तेमधल्या लाओआगला गेले. दहा तासांहून जास्त प्रवास. पहाटे भातखाचरांवर धुकं होतं आणि डावीकडे समुद्र दिसायला लागला होता. लाओआगहून जीपनीनं बाताक. तिथल्या चौकात एम्पानादाची दुकानं रांगेनं आहेत. करंजीच्या आकाराचा, पण तळहाताहून मोठा पदार्थ. तांदळाच्या पिठाची पारी केशरी रंगाची, आत किसलेली कच्ची पपई, तिथलं लसणीचं सॉसेज, आणि वरून फोडलेलं अंडं. पारी मिटून कढईत सोडली की कडा फुलतात. उसाच्या आंबट शिरक्यात बुडवून खायची.

तळणाऱ्या आजी सत्तरीच्या पुढच्या होत्या. त्यांच्या नातवानं आमच्यामध्ये दुभाष्याचं काम केलं. मार्कोस यांचं नाव त्यांनी घेतलंच नाही, ‘अपो लाकाय’ म्हणाल्या. अपो लाकाय म्हणजे घरातला मोठा, आदरणीय म्हातारा. “अपो लाकायच्या आधी इथं रस्ता नव्हता,” त्या म्हणाल्या. “आमच्या पोरांना मनिलात कुणी विचारत नव्हतं. त्यांच्यामुळं माझा भाऊ फौजेत लागला. वीज आली.” मी त्यांना तुरुंगांबद्दल विचारलं. त्यांनी झारा कढईच्या काठावर ठेवला आणि थोडा वेळ तेलाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “असेल. इथं नाही झालं. तू लांबून आलीस, मला सांग, तुझ्या गावच्या माणसाला सगळं जग वाईट म्हणायला लागलं तर तू काय करशील?”

मला लगेच उत्तर देता आलं नाही. आजीचं प्रेम खरं होतं. गावाला आपला माणूस प्यारा असतो आणि त्यात गैर काही नाही. मार्कोस यांना बाताकला पुरलं असतं, गावानं त्यांच्या कबरीवर रोज फुलं वाहिली असती, तर माझ्यासारखीला बोलायचा काहीही अधिकार नव्हता. मरणानं वैर संपतं असं आपणही मानतो. रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार नीट कर, असं रामानंच बिभीषणाला सांगितलं. पण म्हणून रावणाला अयोध्येत मानाची जागा कुणी दिली नाही. मृताला माती मिळणं हा त्याचा हक्क आहे. सन्मानावर मात असा हक्क कुणाचाच नसतो. तो सगळ्यांचा मिळून असतो आणि सगळ्यांनी मिळूनच द्यायचा असतो.

रस्ते, पूल, इस्पितळं यांचं काय? ते मी पाहिले. दोन किलोमीटरहून लांब असलेला सान हुआनिकोचा पूल, हृदयरोग्यांचं मोठं इस्पितळ, मनिलाच्या उपसागराकाठचं सांस्कृतिक केंद्र. आजही लोक ते वापरतात, बांधकाम खरंच देखणं आहे. पण मार्कोस आले तेव्हा देशावर एक अब्ज डॉलरसुद्धा परदेशी कर्ज नव्हतं, आणि ते गेले तेव्हा सुमारे २६ अब्ज होतं. १९८४ आणि १९८५ या दोन वर्षांत देशाचं उत्पन्न दरवर्षी सुमारे सात टक्क्यांनी आक्रसलं. पूल बांधणं हे सरकारचं कामच असतं, आणि त्या पुलाचा भार अजून जन्मालाही न आलेल्या पोरांच्या खांद्यावर गेला. लष्करी कायद्यापूर्वी आणि नंतर जे राष्ट्राध्यक्ष झाले त्यांनीही रस्ते बांधले. त्यासाठी कुणाला घरातून उचलून न्यावं लागलं नाही.

परतताना बागिओला उतरले आणि गाडी करून तुबाच्या डोंगरापाशी गेले. तिथं मार्कोस यांचा काँक्रीटचा अर्धपुतळा होता, तीस मीटर उंच, डोंगरातून वर आलेला. त्या जागेसाठी इबालोय आदिवासींना त्यांच्या जमिनीवरून हलवलं होतं. २९ डिसेंबर २००२ रोजी कुणीतरी सुरुंग लावून तो उडवला. आता नुसता सांगाडा दिसतो, सळया बाहेर आलेल्या, कपाळाच्या जागी भोक आणि त्यातून आभाळ. मला ते बघून बरं वाटलं नाही. सत्तेवर असताना स्वतःच उभारलेला मान आणि रात्रीत स्फोटकांनी पाडलेला मान, दोन्हींत लोकांना कुणी काही विचारलेलं नसतं.

मनिलात परत आले आणि दुसऱ्या दिवशी केसोन सिटीत ‘बांतायोग नांग मांगा बायानी’ला गेले. वीरांचं स्मारक. हेही बायानींचंच, पण सरकारनं बांधलेलं नाही. १९८६ नंतर नागरिकांनी उभारलं. दारातच एदुआर्दो कास्त्रियो यांचं ४५ फुटी ब्राँझ शिल्प आहे. पडलेल्या मुलाला धरून उभी राहिलेली आई. आणि थोडं मागं काळ्या ग्रॅनाइटची भिंत, तिच्यावर कोरलेली नावं. १९९२ मध्ये ६५ नावांनी सुरुवात झाली, आता तीनशेच्या वर आहेत.

मी गेले तेव्हा एक सफाई कामगार बादली आणि फडकं घेऊन भिंतीपाशी होता. फडकं पिळायचा, एका नावावरून फिरवायचा, मग बोटाच्या टोकाला फडक्याचा कोपरा गुंडाळून अक्षरांच्या खाचांतली धूळ काढायचा. एक नाव झालं की पुढचं. मी अर्धा तास तिथं होते. त्यानं एकही नाव वगळलं नाही.

आत छोटं संग्रहालय आहे, तुरुंगातल्या कोठडीची प्रतिकृती आहे. वाट दाखवणारी मुलगी कॉलेजात शिकणारी होती. तिनं मला भिंतीवरची दोन नावं नीट समजावून सांगितली. एक माक्लिइंग दुलाग. कलिंगा डोंगरातला रस्तादुरुस्तीचा मजूर आणि आपल्या जमातीचा पुढारी. चिको नदीवर धरणं होणार होती, गावं आणि पूर्वजांच्या जमिनी बुडणार होत्या. त्यानं जमातींना एकत्र केलं. २४ एप्रिल १९८० च्या रात्री सैनिकांनी त्याला त्याच्या घरी गोळ्या घातल्या. धरणं झाली नाहीत. नर्मदेच्या काठचे आपले लोक आठवल्यावाचून मला पुढं जाता आलं नाही.

दुसरं नाव लिलिओसा हिलाओ. मनिलाच्या महापालिका विद्यापीठातली तेवीस वर्षांची विद्यार्थिनी, कॉलेजच्या अंकाची संपादक. एप्रिल १९७३ मध्ये तिला घरातून नेलं आणि काही दिवसांत कोठडीत ती मेली. अधिकाऱ्यांनी आत्महत्या म्हटलं, देहावरच्या खुणांनी वेगळं सांगितलं. त्याच महिन्यात तिचा पदवीदान समारंभ होता. तिच्या नावाची खुर्ची रिकामी ठेवली आणि पदवी गुणवत्तेसह तिला दिली. “लष्करी कायदा चालू असताना,” ती मुलगी म्हणाली. “सभागृहात कोण कोण बसलं असेल विचार करा. आणि तरी त्यांनी खुर्ची ठेवली.”

त्या रिकाम्या खुर्चीपुढं मला २१ फैरी फार लहान वाटल्या.

“इथं नाव लागायला काय लागतं?” मी तिला विचारलं. ती म्हणाली, कागदपत्रं पाहतात, ओळखणाऱ्यांशी बोलतात, शंका असली तर नाव थांबवतात. दरवर्षी ३० नोव्हेंबरला, बोनिफासिओ दिनी, नवी नावं लागतात. गावातल्या एका मजुराचं नाव कोरण्यापूर्वी इतकी चौकशी होते. आणि ज्याच्या हाती वीस वर्षं देश होता, त्याच्याबाबत ‘शिक्षा झालेली नाही’ एवढं पुरतं.

मला उत्तर मिळालं होतं. मार्कोस यांना राज्यानं मान द्यायला नको होता. त्यांचा मुलगा मे २०२२ मध्ये तीन कोटींहून जास्त मतं मिळवून राष्ट्राध्यक्ष झाला, तरी माझं मत तेच राहील. मतांनी सत्ता मिळते, आणि ती लोकांनी द्यायचीच असते. पण झालेलं न झालं करण्याची ताकद मतांत नाही. निष्कलंक माणूस शोधत बसा असं मी म्हणत नाही. मॅगसेसे यांच्यावरही आक्षेप आहेत. त्यांच्या उदयात अमेरिकी गुप्तहेर खात्याच्या एडवर्ड लान्सडेल यांचा हात होता, हुक बंडखोरांविरुद्धच्या लढ्यात त्यांनी लष्कर वापरलं. हे सगळं पुस्तकांत आहे, मनिलात उघडपणे बोललं जातं, आणि बोलल्यानंतरही त्यांच्या नावाचा पुरस्कार घेताना कुणाला खाली बघावं लागत नाही. ज्याचा पूर्ण हिशेब त्याच्या समाधीपाशी, दुखावलेल्यांच्या देखत, मोठ्यानं वाचता येतो आणि तरी लोक हात जोडतात, त्याला मान शोभतो. बाताकच्या आजींना द्यायचं राहिलेलं उत्तर हेच होतं. गावच्या माणसावर मी प्रेम करेन, आजी, पण त्याचा हिशेब वाचणाऱ्याचं तोंड दाबणार नाही.

शेवटच्या दिवशी मनिला नॉर्थ सिमेटरीत गेले. मॅगसेसे इथं आहेत. वीरांच्या भूमीला नाव देणारा राष्ट्राध्यक्ष स्वतः शहराच्या साध्या दफनभूमीत, सामान्य माणसांमध्ये पुरलेला आहे. या दफनभूमीत जिवंत माणसंही राहतात, शेकडो गरीब कुटुंबं. कबरींवर अंथरुणं वाळत होती. एका समाधीच्या सावलीत शाळेच्या गणवेशातली मुलगी गृहपाठ करत होती. मॅगसेसेंच्या समाधीपाशी मी विनोबांचं आणि बाबांचं नाव मनात घेतलं आणि परत फिरले.

वाटेत एक अंत्ययात्रा आत येत होती. फार माणसं नव्हती. गरिबांच्या कबरी इथं एकावर एक, खणांच्या कपाटासारख्या असतात. शवपेटी वरच्या, चौथ्या खणात सरकवायची होती. घरचे चौघेच होते आणि त्यातला एक म्हातारा. ते पेटी उचलून क्षणभर अडले. तेवढ्यात शेजारच्या समाधीवरून, कपडे वाळत घालणारा एक माणूस खाली उतरला. मागून दुसरा आला. दुकान मांडून बसलेला एक तरुण उठला. कुणी कुणाला हाक मारली नव्हती. त्यांनी म्हाताऱ्याला हळूच बाजूला केलं, पेटीखाली खांदे लावले आणि ती वर चढवली.

काम झाल्यावर म्हाताऱ्यानं खिशातून काही काढायचा प्रयत्न केला. तो माणूस मान हलवून परत कपड्यांकडे गेला.